झाडीत कुणी नव्हतं

विनू गेल्याची बातमी आमच्या घरी आली तेव्हा आम्ही आनंदात होतो. सोमवारची दुपार होती. मी ओट्यापाशी शेंगदाण्याचं कूट करत होते आणि आतल्या खोलीतून शरद, माझा नवरा, ‘जिंकलो! सुमन, जिंकलो गं!’ असं ओरडत बाहेर आला. साखर कारखान्यातला पन्नाशी उलटलेला केमिस्ट, पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मीही हातातलं काम टाकून टाळ्या पिटल्या. कारण प्रश्न नुसत्या कॉम्प्युटरवरच्या खेळाचा नव्हता. ही लढाई शरदनं जिंकली तर माझा धाकटा भाऊ विनू दुसऱ्या दिवशी हृदयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात दाखल होणार होता, तसा त्यानं शब्द दिला होता. शरदनं लगेच त्याला फोन लावला. उचलला नाही. ‘हरलाय, आता कशाला उचलतोय!’ असं म्हणून आम्ही हसलोसुद्धा. मग मी लावला. माझा फोन विनूनं कधी टाळला नव्हता, पण तोही नुसता वाजत राहिला. त्याची बायको राजश्री माहेरी मलकापूरला गेलेली, मुलगी पुण्यात शिकायला, घरात दुसरं कुणी नाही. शेवटी त्याच्या समोरच गाड्यांची सीट कव्हरं शिवणारे मुल्लाचाचा आहेत, त्यांना म्हटलं, जरा वर जाऊन बघता का? थोड्या वेळानं त्यांचा फोन आला. ‘सुमनताई,’ ते म्हणाले, ‘पावण्यास्नी घिऊन निघा. आत्ताच्या आत्ता निघा.’

भेटायला येणारी माणसं विचारतात, कसा गेला? खेळता खेळता, असं सांगितलं की माना डोलावतात. ‘सुखाचं मरण म्हणायचं!’ असं एक बाई माझ्या तोंडावर म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घ्यावासा वाटला. सुखाचं काही नव्हतं त्यात. पण ते कळायला तो खेळ माहीत असावा लागतो, आणि तो खेळ कळायला मला स्वतःला वीस-पंचवीस वर्षं लागली.

मी भूगोल शिकवते. लग्न होऊन बिद्रीजवळच्या कारखान्याच्या वसाहतीत आले तेव्हा विनू डिप्लोमाला होता. सुट्टीत तो आमच्याकडे राहायला आला तो आपला जोडून घेतलेला कॉम्प्युटर घेऊनच. एसटीत तो जड डबा मांडीवर घेऊन, घोंगडीत गुंडाळून, कंडक्टरशी भांडत आला होता. दाजींसमोर मेहुण्यानं जरा मान खाली घालून वागावं ही आमच्याकडची रीत. यानं दुसऱ्याच दिवशी दाजींना शेजारी बसवून लढाया शिकवायला सुरुवात केली. मी मागून बघितलं तर पडद्यावर एका न ऐकलेल्या देशाचा नकाशा. ‘ही नदी डोंगराकडं चढतीया कशी रे?’ मी विचारलं. ‘आक्का, तू तुझ्या पोरांचे पेपर तपास जा,’ विनू म्हणाला. तरीही त्यानं मला खेळ समजावून सांगितलाच. ‘ह्यात दोन खेळ हायत बघ. नकाशावर गावं वसवायची, सैन्य जमवायचं, कोट बांधायचा. एक डाव माझा, एक दाजींचा. माझ्या डावात मी कितीबी इचार करीन. बटन दाबून डाव पाठवल्याबिगार दुनिया हलत न्हाय. पण दोन सैन्यं भिडली की नकाशा गेला. मग रान उघडतंय, आन् तिथं डाव-बिव काय न्हाय. घड्याळ पळतंय, दोघं एकदम. तू खाजवत बसलीस तर तुझी माणसं मरत्यात.’

तेव्हा एकच कॉम्प्युटर होता. एकाचा डाव चालू असला की दुसऱ्यानं बघायचं नाही म्हणून त्याला स्वयंपाकघरात हाकललं जायचं. विनूचा डाव लांबायचा. एकेक गाव तपासून, एकेक शिपाई मोजून झाल्याशिवाय तो बटणाला हात लावायचा नाही. मग शरद माझ्यापाशी बसून लसूण सोलायचा. शरद आपला डाव झटपट उरकायचा, पण तेवढ्यात विनू येऊन कढईतलं निम्मं संपवायचा आणि कॉलेजमधल्या भानगडी सांगायचा. राजश्रीचं नाव मी पहिल्यांदा तिथंच ऐकलं. आई-वडलांना सांगायच्या आधी, भाकरीचा तुकडा तोंडात असताना, त्यानं ते सांगितलं आणि लगेच ‘विनू, ये!’ अशी आतून हाक आली म्हणून अर्धवट टाकून पळाला. पुढं नेट आलं, दोघांचे कॉम्प्युटर वेगळे झाले, डाव आपोआप इकडून तिकडं जाऊ लागले. लढाईच्या वेळी तेवढं दोघांनी आपापल्या घरी एकदम बसायचं. सोय झाली खरी. माझ्या स्वयंपाकघरातली ती वर्दळ मात्र बंद पडली, आणि ती मला किती हवीशी होती हे मी कधी कुणाला बोलले नाही.

लढाईचे नियम विनूनं घातलेले होते. एकदा रान उघडलं की खेळ थांबवायचा नाही. दारात कुणी आलं तरी नाही. आणि फोन तर अजिबात करायचा नाही, कारण एकदा ऐन लढाईत शरदनं फोन करून ‘विनू, चहा घेतलास काय?’ असं प्रेमानं विचारलं होतं आणि तेवढ्यात त्याचं घोडदळ कापून काढलं होतं. त्यावर विनू आठवडाभर धुसफुसत होता. एरवी शरद जिंकायचा क्वचितच. नकाशावर दिवसदिवस विचार करणारा विनू रानात उतरला की लबाड व्हायचा. त्याची एक ठरलेली युक्ती होती. थोडंसं पायदळ उघड्यावर, नदीला पाठ करून असं उभं करायचा की बघणाऱ्याला वाटावं, हा वेडाच आहे. ते जागचं हलायचं नाही. शरदला मोह व्हायचा, तो सगळं सैन्य घेऊन तुटून पडायचा आणि बाजूच्या झाडीत दडवलेलं विनूचं घोडदळ त्याच्या पाठीवर यायचं. कितीदा फसला असेल! बाहेर आला की पाणी पीत म्हणायचा, ‘त्याचं सैन्य गप उभं असलं की समजायचं, झाडीत मरण आहे.’

कोल्हापूरच्या उद्यमनगरात विनूचं पॅटर्न शॉप होतं, वर घर आणि खाली कारखाना. फाउंड्रीत धातू ओतण्याआधी जो लाकडाचा नमुना लागतो तो तिथं बनायचा. ते कामही तो खेळासारखंच समजायचा. ‘लाकूड हातात हाय तवर घासा, पुसा, परत करा, कोण इचारत न्हाय,’ असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा, ‘पर रस ओतायला घेतला की मग कुणाच्या बापाला थांबवता येत न्हाय.’ हे सगळं इतकं नीट कळणाऱ्या माणसानं स्वतःच्या छातीबद्दल असा घोळ का घालावा, हे मला आजही समजत नाही.

पहिल्यांदा संशय शरदला आला, आणि तोही नकाशावरून. डाव यायला उशीर लागायला लागला. पूर्वी दोन दिवसांत येणारा डाव आठवडा आठवडा यायचा नाही. आणि आला तरी त्यात नवीन काही नसायचं. ‘हा पुढं सरकतच नाही गं,’ शरद एकदा जेवताना म्हणाला. ‘नवीन गाव घेत नाही, रस्ता बांधत नाही. आहे त्या कोटाला नुसती भिंतीवर भिंत चढवतोय. विनू घाबरलाय कशाला तरी.’ मी हसले. खेळातल्या भिंतींवरून माणूस ओळखायचा म्हणजे ज्योतिषच झालं, म्हटलं. पण पुढच्याच महिन्यात मी कोल्हापूरला त्याच्या घरी गेले असताना तो खालून जिना चढत वर येत होता आणि मधल्या पायरीवर थांबून फोनवर बोलत होता. ‘व्हय, व्हय… बघतो की… सांगतो तुमास्नी.’ बराच वेळ चाललं होतं. वर येऊन त्यानं फोन टेबलावर ठेवला. कपाळ घामानं डबडबलेलं. राजश्रीनं फोन चार्जिंगला लावायला उचलला आणि म्हणाली, ‘हा तर सकाळपासून बंद पडलाय.’ विनू माझ्याकडं न बघता मोरीत हात धुवायला गेला. दम लागला म्हणून तो पायरीवर थांबला होता आणि फोनचं नुसतं सोंग केलं होतं.

तपासण्या झाल्या. रक्तवाहिन्या तुंबल्यात, औषधांवर भागणार नाही, ऑपरेशन करून घ्या, लांबवू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. विनूनं मान डोलावली आणि लांबवायला सुरुवात केली. हातातली ऑर्डर जाऊ दे. गणपती होऊ देत. पोरीची परीक्षा होऊ दे. मी चिडले, रडले, बोलायचं सोडलं, परत बोलले. राजश्रीनं अन्न टाकलं तेव्हा हा तिच्यासमोर बसून शांतपणे जेवला. एकदा मी फारच भांडले तेव्हा म्हणाला, ‘आक्का, मी हो म्हटल्याबिगार कोण मला टेबलावर घेतंय व्हय? मग? मी हो म्हणंपत्तोर काय हुत न्हाय.’

‘अरे, तुझ्या छातीत नकाशा न्हाय, घड्याळ हाय,’ मी म्हटलं.

त्यानं रिमोट उचलला. उगाच टीव्हीचा आवाज वाढवला. त्याला कळलं होतं. कळूनही ‘मला भीती वाटते, मला घेऊन चला’ एवढं त्याच्या तोंडून निघत नव्हतं. आमच्या घरातल्या पुरुषांना हे वाक्य येतच नाही. वडील तापानं फणफणले तरी ‘जरा कणकण हाय’ म्हणायचे.

शेवटी शरदनं तो मार्ग काढला. त्या रविवारी विनू एकटाच आमच्याकडं जेवायला आला होता. चेहरा राखेसारखा, पण तांबड्या रश्श्याची वाटी दोनदा मागून घेतली. शरदनं ताट बाजूला सारलं. ‘विनू, उद्या मी तुझ्यावर चाल करून येणार आहे. ती लढाई मी जिंकली तर मंगळवारी सकाळी तू दवाखान्यात.’

‘आन् मी जिकली तर?’

‘तर ऑपरेशन हा शब्द मी किंवा तुझी आक्का परत कधी काढणार नाही.’

विनूनं माझ्याकडं बघितलं. ‘आक्का, तू बी?’

‘मी बी,’ मी म्हटलं. शरद हरला तर काय, हा विचार येऊन गेला. पण इतर सगळे उपाय संपले होते, आणि विनू एकदा शब्द दिला की फिरवत नाही हे आम्हाला पक्कं माहीत होतं. तो बराच वेळ बोटानं ताटातला भात इकडून तिकडं करत राहिला, नकाशापुढं बसल्यासारखा. मग म्हणाला, ‘बरं. पर सवलत द्यायची न्हाय, दाजी. आन् मधी फोन करायचा न्हाय.’ जाताना दारात चपला घालून उगाच रेंगाळला. ‘जातो मग,’ म्हणाला. आम्ही ‘येतो म्हण’ असं बजावलं तेव्हा हसून ‘येतो की,’ म्हणाला… त्याच संध्याकाळी त्यानं आपला डाव पाठवला. इतका लवकर डाव त्यानं आयुष्यात पाठवला नव्हता.

सोमवारी शरदला आठवडी सुट्टी असते, मीही शाळेत रजा टाकली होती. दुपारी रान उघडलं. लढाई सुरू होण्याआधी दोघांनी आपापलं सैन्य मांडून ‘तयार’ असं कळवावं लागतं. विनूनं तसं कळवलं होतं. मी दारातून डोकावले. पडद्यावर लांब, नदीला पाठ करून, उघड्या माळावर त्याचं पायदळ उभं होतं. एका अंगाला दाट झाडी. शरद माझ्याकडं न बघताच पुटपुटला, ‘तीच युक्ती. आज मी फसणार नाही.’ आणि तो थांबला. एरवी उतावीळ असलेला माणूस त्या दिवशी दगडासारखा बसून राहिला, कारण आज हरून चालणार नव्हतं. दोन-चार घोडेस्वार पुढं पाठवून त्यानं डिवचून बघितलं. समोरचं सैन्य हललं नाही. बाण टाकून बघितले. माणसं पडली, पण रांग हलली नाही. ‘बघ कसा थंड डोक्यानं बसलाय,’ शरद दात आवळून म्हणाला, ‘माणसं मरू देतोय, पण जागचा हलत नाही.’ मी कूट करायला निघून आले. मिक्सरचा आवाज थांबला की आतली शांतता ऐकू यायची, आणि मला उगाचच अस्वस्थ वाटायचं. लढाईला ठरलेला वेळ असतो. तो संपेपर्यंत चाल करणाऱ्यानं चाल केलीच नाही तर तो हरतो. अगदी शेवटी, घड्याळ संपत आलं तेव्हा, शरदनं देवाचं नाव घेऊन सगळं सैन्य सोडलं. ते गेलं आणि उभ्या माणसांवर आदळलं. मग आनंदाच्या भरात त्यानं आपला डावही पाठवून टाकला आणि ओरडत बाहेर आला.

विनू खुर्चीत बसलेलाच सापडला. हात माउसपासून थोडा बाजूला. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, लगेच गेले असतील. पण नक्की सांगता येत नाही. त्यातलं ‘लगेच’ मी धरून ठेवलं आणि ‘सांगता येत नाही’ शरदनं.

तेराव्यापर्यंत शरद कामाला जुंपल्यासारखा राबला. मांडव, आचारी, पाहुण्यांच्या गाड्या. बोलला मात्र कुणाशीच नाही. तेरावा उरकून आम्ही बिद्रीला परत आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तो म्हणाला, ‘झाडीत कुणी नव्हतं.’

मला कळलं नाही. तेव्हा त्यानं सांगितलं. जिंकल्यावर नकाशावर परत आलं की हरलेल्याच्या कोटाच्या आत काय आहे ते दिसतं. ते त्यानं आता बघितलं होतं. विनूचं घोडदळ लढाईला आलंच नव्हतं. सगळंच्या सगळं मागं कोटात उभं होतं. रविवारी संध्याकाळी पाठवलेल्या त्या डावात विनूनं स्वतः ते माघारी नेऊन ठेवलं होतं आणि नुसतं पायदळ उघड्यावर आणून सोडलं होतं, जिंकायची काही सोयच न ठेवता. ‘तो हरायला आला होता, सुमन,’ शरद म्हणाला. ‘मला नुसतं पुढं जायचं होतं. पहिल्या पाच मिनिटांत संपलं असतं. मी लगेच फोन केला असता… आणि मी त्याला घाबरून बसून राहिलो.’

मी रडले, पण त्याआधी संतापले. विनूवर संतापले. अरे गाढवा, तोंडानं सांगायला काय झालं होतं? हो म्हणायला तुला एक सबंध सैन्य बळी द्यावं लागलं! जगायचं होतं तुला, ऑपरेशन करून घ्यायचं होतं, आणि हे तू कुणाला सांगितलंस तर घोड्यांना… मी शरदला म्हटलं, तुझी चूक नाही, त्यानंच तुला तसं शिकवलं होतं. खरंच तसं वाटतं मला. पण ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही.

त्यानंतर दर सोमवारी तो जेवून आत जायचा आणि नकाशा उघडून बसायचा. काही करता येण्यासारखं नव्हतंच, कारण डाव विनूचा होता. खेळ अधूनमधून त्याला विचारायचा की समोरचा खेळाडू बरेच दिवस आलेला नाही, त्याचं राज्य कॉम्प्युटरकडं सोपवू का? शरद ‘थांबा’ दाबायचा आणि हाताची घडी घालून बसून राहायचा. न हलणाऱ्या विनूपुढं तो पुन्हा तसाच थांबून राहिला होता, आणि मला ते बघवेना.

गेल्या सोमवारी शाळेतून रजा घेऊन मी एसटीनं कोल्हापूरला गेले. शरदला सांगितलं नाही. मी काय करायला आले ते राजश्रीला सांगितलं तेव्हा तिनं खोली उघडून दिली. खोलीत अजून लाकडाच्या भुशाचा वास होता. भिंतीला टेकलेले नमुने, खिडकीत त्याचा चष्मा पुसायचा फडका. तिनं कॉम्प्युटर चालू केला, खुर्ची ओढली, आणि मी बसले. ती खुर्ची त्याच्या वजनानं एका बाजूला कललेली आहे. मला पाय टेकवून तोल सांभाळावा लागला. पडद्यावर विनूचं राज्य आलं. भिंतींच्या आत भिंती, आणि मधोमध कोटात ते घोडदळ, रांगेत, जिनं कसलेलं.

‘आक्का, काय हलवायचं हाय का?’ राजश्रीनं मागून विचारलं.

‘न्हाय. त्यानं ठेवलंय तसंच असू दे,’ मी म्हटलं.

कोपऱ्यात डाव पाठवायचं बटण होतं. विनू तिथं किती किती वेळ अडून बसायचा ते मला ठाऊक होतं. मी जास्त विचार केला नाही. दाबलं. नकाशावरचा ऋतू बदलला, शेतं पांढरी पडत गेली, आणि त्याचं राज्य माझ्या डोळ्यांसमोर धुक्यात बुडून गेलं.

लगेच माझा फोन वाजला. बिद्रीहून शरद होता. आवाज ओळखू येत नव्हता.

‘सुमन… विनूनं डाव पाठवला गं.’

‘मी पाठवला,’ मी म्हटलं. ‘त्याच्या खुर्चीत मी बसलीय. आता तू खेळ.’

राजश्रीचा हात माझ्या खांद्यावर घट्ट होता. मग तिकडं माउसचा टिक् असा आवाज झाला. थोड्या वेळानं पुन्हा एकदा.